वाट चुकलेली हवा

नव्वदच्या दशकात आम्ही नवी मुंबईतल्या बोनकोड्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मला आई नव्हती. म्हणून सासूबाईच साताऱ्याकडच्या गावाहून आल्या. लग्नानंतर आम्ही दोघी फारशा एकत्र राहिलो नव्हतो. त्यांच्याशी काय बोलावं, तेच मला सुचायचं नाही.

नेरूळच्या दवाखान्यात कळा खूप वेळ चालल्या. श्वास धरून मी जीव खाऊन जोर लावत होते. मुलगी झाली, चांगली रडली. नंतर माझ्या छातीत दुखायला लागलं. वाटलं, एवढे कष्ट झालेत, दुखणारच.

सासूबाई माझ्या कानांना रुमाल बांधायला आल्या. गाठ मारताना त्यांची बोटं माझ्या मानेवर थांबली.

"आगं, हितं कुरमुरं भरल्यागत काय कुरकुरतंय?"

"काही नाही, आत्याबाई," मी म्हणाले, पण माझाच आवाज मला ओळखू येईना. बारीक, नाकातून आल्यासारखा.

त्या तशाच अनवाणी डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळाल्या.

आधी एक्स-रे झाला, मग वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीसमोर धरली.

"जोर लावताना फुप्फुसातला हवेचा बारीक फुगा फुटला. हवा हृदयाभोवती साचली, तिथून मानेत चढली. थोडी मणक्यांच्या पोकळीतही शिरलीय. हे मी आजवर फक्त वाचलं होतं."

"मग ती काढायची कशी?" सासूबाईंनी विचारलं.

"काढायची नाही. शरीरच हळूहळू शोषून घेईल. फक्त यांनी कुंथायचं नाही, मोठ्यानं रडायचं नाही."

"रडंल कशाला? मी हाय की."

मला ऑक्सिजन लावला. सासूबाई मुलीला माझ्या कुशीत ठेवायच्या, दूध पिऊन झालं की उचलून घ्यायच्या. ती रडली तर मी उठायला बघेन, म्हणून तिला घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये फिरायच्या. मला पातळ पेज चमच्यानं भरवायच्या. एका दुपारी त्या सहज म्हणाल्या, "माझ्या पयल्या येळंला माझ्यापाशी कुनीच नव्हतं."

माझे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं ते टिपले आणि म्हणाल्या, "हळू. डॉक्टरानं सांगितलंय न्हवं?" हसू आलं, तर तेही दोघींनी हळूच हसून घेतलं.

काही दिवसांनी मानेची सूज उतरली, आवाज पहिल्यासारखा झाला. पुन्हा काढलेल्या फोटोत हवा जवळजवळ दिसत नव्हती. डॉक्टर घरी जा म्हणाले.

सासूबाई बारशापुरत्या राहणार होत्या. मुलगी बसायला लागेपर्यंत राहिल्या. रोज सकाळी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या आणि मी शेजारी बसून गरम पाण्याचा तांब्या द्यायची. आयुष्यात मला पुष्कळ मिळालं, पण त्या सकाळींइतकं भरभरून क्वचितच.