बापाच्या तोंडचं वाक्य

पुस्तक अर्ध्यावर सोडावं तर ते पाम गावच्या रामनाथ राऊतांनीच. सोडायचे म्हणजे नुसतं मिटून ठेवायचे नाहीत. जिथं मन उडालं, नेमक्या त्या पानात नारळाच्या झावळीची एक हीर, पात्यातली बारीक काडी, खोचायचे आणि पुस्तक तसंच बोईसरच्या वाचनालयात परत करायचे. तिथं बसणारी वैष्णवी पुस्तक देताना आधी हीर बघायची. "मधोमध आहे, काकांनी बरंच सहन केलंय," असं म्हणून वाचकाच्या हाती द्यायची. हीर दुसऱ्या-तिसऱ्या पानातच दिसली की वाचक स्वतःच ते पुस्तक परत फळीवर ठेवायचा.

नायिकेचं रूप सांगायला दोन पानं लागली की त्यांचं डोकं फिरायचं. "नाकाचं झालं, हनुवटीचं झालं, ही बाई आता बोलंल कधी?" गावातली सगळी माणसं, सावकारापासून गुराख्यापर्यंत, एकाच खेडवळ सुरात बोलायला लागली की संपलंच. वाचकाला रडवायचं म्हणून लेखक कोणाला तरी मारायला निघालाय, हे त्यांना चार पानं आधी कळायचं आणि तिथंच ते उतरून जायचे. एका पुस्तकात शेवटी सगळं स्वप्न निघालं. त्या दिवशी ते रागानं जेवलेसुद्धा नाहीत, आणि बायकोनं, सुलूनं, केलेलं कालवण तसंच राहिलं. हे सगळे लाड तारापूरच्या एका कारखान्यात जन्मभर बॉयलरवर राबलेल्या माणसाचे! पाळीच्या बसमध्ये जाता-येता वाचायचे, आणि घरी आल्यावर बायकोला लेखकाच्या तक्रारी सांगायचे.

सुलूला या सगळ्याची गंमत वाटायची. ती वाडीतली, केळीला पाणी सोडणारी, नारळ सोलणारी; पुस्तकाशी तिचं नातं नवऱ्याच्या मारफत. पण निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं रामनाथांचे डोळे गेले आणि वाचायचं काम तिच्याकडे आलं. दुपारची जेवणं उरकली की ओटीवर ते आरामखुर्चीत बसायचे, ती खाली चटईवर, आणि चष्मा सावरत मोठ्यानं वाचायची. वाचता वाचता तिलाही वाचकाचे नखरे जडले. तिचा नखरा एकच. ज्या पुस्तकात कोणी जेवत नाही, ते पुस्तक तिला आवडायचं नाही. माणसं प्रेमात पडतात, भांडतात, रानोमाळ हिंडतात, आणि पोटात काही नाही? मग ती मध्येच आपल्या पदरचा एखादा घास घालायची. शहरातली कोणी प्राध्यापकीण सकाळी उठून तांदळाची भाकरी थापायला लागायची, तिच्या नवऱ्यापुढं सुक्या बोंबलाची चटणी यायची. रामनाथ मान डोलवायचे. म्हणायचे, "हा लेखक बरा दिसतो. घरातला वाटतो." सुलू पुस्तकाआड हसायची.

हसायची, पण घास घालताना तिच्या डोळ्यांपुढं जेवायला बसलेला असायचा तो तिचा नीलेश.

नीलेश सहा वर्षांपूर्वी घरातून गेला. बापानं शब्द टाकून त्याला आपल्याच कारखान्यात चिकटवलं होतं. पोरगं तीन महिन्यांत कंटाळलं. त्याला रांधायची आवड, जहाजावर खानसाम्याची नोकरी मिळत होती. रामनाथांना तो अपमान वाटला. "माझा शब्द मातीत घालून भांडी घासायला चाललास? गेलास तर या घराचा उंबरा चढू नको," म्हणाले. नीलेश गेला. तोही त्यांचाच मुलगा, परत उंबरा चढला नाही.

जहाज बंदराला लागलं की तो आईला फोन करायचा. आज किती माणसांचं जेवण केलं, ते सांगायचा. जगाला जेवू घालतो आणि आईच्या हातचं सहा वर्षं तोंडात नाही, या विचारानं सुलूचा घास अडकायचा. फोन चालू असला की रामनाथ उठून, भिंत चाचपत, वाडीकडं जायचे. पण फार लांब जात नसत. मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहायचे, हे तिनं पाहिलं होतं.

या खेपेला नीलेशचा फोन आला तो वेगळाच. "आई, पुढच्या महिन्यात उतरतोय. सुट्टी हाय. बाबांनी बोलवलं तर घरी येईन. नायतर मुंबईला दोस्ताकडं राहीन न् परत जाईन."

"मी बोलवते ना रे!"

"तू नाय, आई. 'नको' बोलले ते बाबा, 'ये' पण त्यांनीच बोलायला हवं. जहाज रविवारपर्यंत बंदरात हाय, तवर फोन लागंल."

सुलूनं त्याच संध्याकाळी रामनाथांपुढं विषय काढला. ते म्हणाले, "बोललो ते बोललो." पुढं तिची ताकद संपली. चाळीस वर्षांच्या संसारात या वाक्यापुढं ती कधी गेलीच नव्हती. मग तिनं तिच्या कुवतीप्रमाणं एक मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षानं बोईसर गाठलं आणि वैष्णवीला विचारलं, "पोरी, असं पुस्तक हाय का, ज्यात रुसून गेलेला मुलगा घरी परत येतो?"

"भरपूर आहेत, काकू," वैष्णवी म्हणाली, आणि तिनं दोन काढून दिली.

पहिल्यातला मुलगा शेवटच्या प्रकरणात दारात उभा राहिला. आई धावली, गळ्यात पडली, दोघं रडली. सुलूचाही आवाज ओला झाला. एवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "बंद कर."

"अवो, दोनच पानं राहिली."

"बंद कर म्हणतो ना. सहा वर्षांनी पोर दारात आलं, न् ही बाई सरळ गळ्यात पडते? त्याच्यावरनं भाकरतुकडा कोण ओवाळणार? दृष्ट नाय काढायची? कुठल्या गावची आई ही?"

दुसऱ्या पुस्तकातला मुलगा दिवाळीच्या दिवशी अचानक आला. त्यातल्या आईनं तुकडा ओवाळला, कारण तिला तो सुलूनंच ओवाळायला लावला. तरीही रामनाथ उखडले. "हा आला कसा? कोणी बोलवला त्याला? लेखकाची सोय झाली म्हणून आला. बापानं घालवला असंल तर बापानं बोलवायला नको? त्या बापाला काय तोंड नव्हतं?"

तुम्हाला हाय ना तोंड, असं सुलूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं आणि हीर खोचली.

शनिवारी तिच्याकडं नवं पुस्तक नव्हतं. तेच दुसरं पुस्तक तिनं पुन्हा मांडीवर घेतलं आणि हीर काढून म्हणाली, "काल मी घाईनं वाचलं. मधला भाग राहिला होता." आणि मधून कुठूनतरी ते उघडून ती वाचायला लागली. म्हणजे वाचायला नाहीच, कारण तिची नजर अक्षरांवर नव्हतीच.

मुलगा बोईसरला उतरला, तिनं सांगितलं. पाठीवर पिशवी, रंग उन्हानं रापलेला. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं? तो म्हणाला, पाम. गावात शिरल्यावर तो मोठ्या रस्त्यानं आला नाही, वाडीतल्या पायवाटेनं आला, केळींमधनं, लहानपणी शाळा चुकवून यायचा तसा. पाटाच्या पाण्यात पाय धुतले. रामनाथ खुर्चीत जरा पुढं सरकले. वारा फिरला होता आणि कारखान्यांकडचा वास येत होता, तरी त्यांनी नेहमीसारखी तक्रार केली नाही.

अंगणात येऊन मुलगा उभा राहिला, सुलू पुढं म्हणाली. आईनं त्याला पाहिलं आणि ती धावली नाही. आत गेली, भाकरीचा तुकडा मोडला, तांब्यात पाणी घेतलं आणि दारात आली. पण मुलगा उंबऱ्याजवळ येईना. तो अंगणातच थांबला. कारण त्याला घालवताना बापानं उंबऱ्याचंच नाव घेतलं होतं. बाप खुर्चीत बसला होता. त्याला दिसत नव्हतं, पण पावलं कोणाची आहेत हे त्याला कळलं होतं. आई एका हातात तुकडा, एका हातात तांब्या घेऊन उभी. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. आणि मग बाप म्हणाला...

सुलू थांबली.

इतकी वर्षं तिनं पुस्तकातल्या माणसांना जेवू घातलं होतं, बोंबील खाऊ घातले होते, नको ती मरणं टाळली होती. पण हे एक वाक्य तिला घालता येईना. 'ये', असं एका अक्षराचं खोटंही तिच्यानं बोलवेना. तिला ते खरंच ऐकायचं होतं, आणि आपल्याच आवाजात ऐकून काय उपयोग होता?

"पान उलट," रामनाथ म्हणाले.

"उलटायला पान नाय."

"ठाऊक हाय. मघापासून एकसुद्धा उलटलं नायस."

सुलूनं पुस्तक मिटलं. चोरी पकडली गेली होती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. "मग बंद कर का नाय बोललात?" तिनं विचारलं.

रामनाथांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "तो पाट," ते म्हणाले, "तिथंच पाय धुवायचा तो. किती ओरडायचो मी, चिखल घरात आणतोस म्हणून." मग हात पुढं करून म्हणाले, "लाव फोन. मला दे."

तिनं नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. दूर कुठल्यातरी बंदरात घंटी वाजायला लागली. वाजली, वाजली आणि थांबली.

"जेवण वाढत असंल आता," सुलू हळूच म्हणाली. "संध्याकाळी लावू."

"परत लाव," रामनाथ म्हणाले. "उचलंपर्यंत लाव."