पुराची पिशवी

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, माहेरीही नाही. आज पहिल्यांदाच तोंडातून काढतेय, आणि सुरुवात बढाईने करतेय. काय करू, मला तशीच येते.

टिटवाळ्यात आमच्या सोसायटीत पुराच्या पिशवीचा विषय निघाला की माझंच नाव निघतं. दोरी, शिट्टी, आठवड्याची औषधं, चणे-गूळ, पाण्यात टाकायच्या गोळ्या, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेल्या कागदांच्या झेरॉक्स. पावसाळ्याआधी मी बायकांना जमवून पिशवी भरून दाखवते. मागे पाणी चढलं तेव्हा शेजारच्या काकांचं इन्सुलिन कोरडं राहिलं ते माझ्या सांगण्यामुळे. अभिमान वाटतो का? वाटतो ना! का नाही वाटायचा?

पण पिशवी माझी नव्हेच. सासूबाईंची.

त्या कोकणातल्या नदीकाठच्या. लहानपणी चुलीपर्यंत आलेलं पाणी त्यांनी पाहिलेलं. इथे तळमजल्यावर राहायला आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी ही पिशवी शिवली. दर संकष्टीला, उपास सोडण्याआधी, चंद्राची वाट बघत त्या ती उघडून बसायच्या. औषधांच्या तारखा वाचायच्या, शिट्टी वाजवायच्या, बॅटरी लावून भिंतीवर उजेड पाडायच्या. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

एका संध्याकाळी माझ्या मालिकेचा महाएपिसोड होता आणि रिमोट चालेना. दुकानापर्यंत जायचा कंटाळा — मी पिशवीतल्या बॅटरीचे सेल काढले आणि रिमोटमध्ये घातले. इथपर्यंत काय, कोणीही करेल. पण मी रिमोटचे मेलेले सेल बॅटरीत भरून ठेवले. का? हातात घेतल्यावर हलकी लागू नये म्हणून. उद्या नवे आणू, म्हटलं. आणले नाहीत.

पुढची संकष्टी यायच्या आतच पाणी आलं. सकाळपासून वीज नव्हती, मोबाईलांनी माना टाकलेल्या, आभाळ भरून आल्यामुळे जिन्यात काळोख. सासूबाईंनी पिशवी काढली, बॅटरीचं बटण दाबलं. परत दाबलं. शेवटी भिंत चाचपडत आम्ही वर पोचलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या एकच धरून बसल्या, "अगं, मी संकष्टीला लावून बघितलेली. लागलेली गं." नवरा म्हणाला, "विसरली असशील, आई."

तेव्हा मी गप्प बसले असते तर — तर तो भित्रेपणा ठरला असता, एवढंच. मी गप्प बसले नाही. म्हणाले, "मी होते ना तिथे, आई. त्या दिवशीच नव्हती लागली. तुम्हीच म्हणालात, नवे सेल आणायचेत. होतं असं या वयात." किती सहज जमलं मला! आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं, याचं मला तेव्हा बरंच वाटलं.

त्यानंतर त्या गॅस बंद केलाय का, हे दोनदा विचारायला लागल्या. मग तीनदा. भिशी सोडली, एकटीने देवळात जाणं सोडलं. एक दिवस पिशवी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "आता तूच बघ. माझ्या डोक्याचा भरवसा नाही." आणि मी घेतली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना — ती मी. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा सासूबाई मागच्या खुर्चीवर बसून सगळ्यांत जोरात वाजवतात. मला लाज वाटते. आणि खरं सांगू? अभिमानही वाटतोच. दोन्ही एकदमच वाटतं.

मागच्या महिन्यात त्यांना कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. मग हसून म्हणाले, आजींची स्मरणशक्ती अगदी ठणठणीत आहे. मला वाटलं, सुटले.

सासूबाईंना ते काही पटेना. त्यांनी माझा हात धरला, आणि डॉक्टरांकडे बघत मला म्हणाल्या, "तू होतीस ना तेव्हा. सांग गं यांना बॅटरीचं."

मी सांगितलं. तेव्हा रचलेलंच, शब्दन् शब्द.