पाण्यात हाक मारत नाहीत

भूपेश आणि मी एका शाळेत होतो. पुढे मी एम.ए. करायला ब्रह्मपुरीला गेलो. तो ट्रकवर गेला.

नागभीडजवळच्या आमच्या गावात त्याचं घर ढिवरांचं, मासेमारी करणाऱ्यांचं. तलावाच्या तळाशी जाळं अडकलं की त्यालाच बोलवायचे. तो दम धरून खाली जायचा. काठावरचे लोक बोलायचे थांबायचे. मग जाळं सुटून दोर सैल पडायचा.

घातक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. भूपेश आणि गावातलेच इसरूभाऊ, एका ट्रकचे दोन ड्रायव्हर, त्यासाठी सोबतच चंद्रपूरला गेले. शिकवणारे सर म्हणाले, "क्लोरीन गळू लागला तर वारा जिकडून येतो तिकडे पळा. मास्कशिवाय जवळ जायचं नाही. आत माणूस असला तरी."

भूपेशनं हात वर केला. "सर, मी दम धरून जाऊन येतो न. तलावात तेच करतो."

"अबे मासोळी, गप बस," इसरूभाऊ म्हणाले. सगळे हसले.

हे भूपेशनंच मला सांगितलं होतं. तेव्हा मीही हसलो.

धान कापणीला आलं होतं. ट्रकमध्ये क्लोरीनच्या टाक्या होत्या. भूपेश चहा घ्यायला टपरीवर उतरला. इसरूभाऊ केबिनमध्ये झोपले होते. एका टाकीचा व्हॉल्व्ह गळू लागला. पिवळट धूर ट्रकभोवती पसरला.

इसरूभाऊंना वासानं जाग आली. ते पलीकडच्या दारानं उतरले आणि शिकवल्याप्रमाणे वाऱ्याकडे, बांधावरून पळाले. टपरीवरून ते दिसले नाहीत.

मास्क केबिनमध्येच होते. भूपेशनं दम धरला आणि धुरात शिरला. केबिनचं दार उघडलं. सीट रिकामी होती.

त्यानं हाक मारली, "इसरूभाऊ!"

पाण्यात कोणी हाक मारत नाही; तोंड उघडलं की दम सुटतो. हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

बांधावरून इसरूभाऊ ओरडत होते, "इकडे आहो बे! पय तिथून!"

तो बाहेर आला. चालत आला. रुग्णवाहिकेत बसताना म्हणाला, "काई नाई झालं. गळा जळून राह्यला फक्त."

सकाळी तो नव्हता.

डॉक्टर म्हणाले, क्लोरीननं फुफ्फुसात पाणी भरलं. त्याच्या वडिलांना, मनसारामकाकांना, ते कळेना. त्यांनी मला विचारलं, "तू शिकला आहेस. सांग मले. पाण्यात कुठी गेला होता तो?"



परवा तलावावर मी काकांसोबत त्यांच्या डोंग्यात, लहान नावेत, होतो. त्यांचं जाळं तळाशी अडकलं. इसरूभाऊ काठावर होते. ते सदरा काढू लागले.

"राहू दे, इसरू," काका म्हणाले.

त्यांनी विळा घेतला आणि दोर कापला. आम्ही डोंगा काठाला लावला.