सरांना विचारलं नव्हतं

ती दात रंगवायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येत आणि कवळ्या, दातांवरच्या टोप्या तयार होऊन जात, त्या कार्यशाळेत रंग जुळवायचं काम तिच्याकडे होतं. नवा दात शेजारच्या दाताशी असा जुळायला हवा, की हसणाऱ्याला स्वतःलाही विसर पडावा. दिवसभर असं डोळे फोडणारं काम केल्यावर कुणीही घरी जाऊन आडवं झालं असतं. तिचा हात मात्र स्वस्थ बसत नसे. बसथांब्यावर, दवाखान्यात, बँकेत, जिथे जाईल तिथे ती खुर्च्यांची चित्रं काढायची आणि खाली ती खुर्ची कुणाची, कशी झिजली, असं चार ओळींत लिहायची.

तिची थोरली नणंद कामाला वाघ. एकदा तिच्या हाती ही चित्रं लागली.

"अगं, हे पिशवीत कोंबून ठेवतेस? लोकांना दाखव की!" म्हणाली आणि तिथेच ठाण मांडून तिने ई-मेलवरचं न्यूजलेटर सुरू करून दिलं. नाव ठेवलं 'बसा ना'. दर शनिवारी सकाळी एक खुर्ची आणि तिच्याबद्दल पानभर मजकूर. वाचक म्हणजे नात्यातले, कार्यशाळेतले, आणि कुठून तरी येऊन चिकटलेले काही अनोळखी. पहिली खुर्ची न्हाव्याची होती.

मग एका शनिवारी काही सुचेना, म्हणून तिने नवऱ्याची खुर्ची काढली. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. सगळे त्याला सर म्हणायचे, म्हणून तिनेही 'आमचे सर' असं लिहिलं. सर पालीला घाबरत. पाल दिसली तेव्हा ते हातातल्या पृथ्वीगोलासकट खुर्चीवर चढले आणि ओरडले, "अगं, आली!" हिला वाटलं, नणंदच आली. ही पदर सावरत दार उघडायला धावली. एवढंच लिहिलं होतं. पण ते पत्र या फोनवरून त्या फोनवर फिरत गेलं आणि वाचक भराभर वाढले.

पुढच्या वेळी सर छत्रीसाठी परत गेले आणि चष्मा विसरून आले. त्यापुढे सर शिंप्याशी भांडले. हळूहळू खुर्ची कोपऱ्यात अंगठ्याएवढी उरली आणि पान सरांनी भरून गेलं. लिहिताना तिला मजा यायची, पाठवून झालं की मात्र ते पुन्हा उघडून बघावंसं वाटायचं नाही. का, ते कळायचं नाही.

एक दिवस सर शाळेतून आले ते बूट न काढताच बसून राहिले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. खडूच्या डब्यात रबराची पाल ठेवली होती पोरांनी."

"अगंबाई! मग?"

"मग काय, किंचाळलो. त्याचं काही नाही, ते वयच तसं असतं. पण नंतर मी नकाशा लावत होतो आणि मागून एक जण म्हणाला, 'सर, हे घरी सांगू नका, छापून येईल.' सगळा वर्ग हसला." सरांनी लेस सोडली. "आणि मलाही वाटलं, बरोबरच बोलला."

त्या दिवसापासून सर घरात तोलून मापून बोलू लागले. काही सांगायला तोंड उघडायचं आणि आधी विचारायचं, "हे लिहिणार नाहीस ना?" ती नाही म्हणाली, तरी गोष्ट अर्धीच सांगून उठायचं.

तिला काही सुधरेना. लिहायला बसली की उठायची, भांडी आवरायची, पुन्हा बसायची. शेवटी तिने वाचकांनाच विचारायचं ठरवलं. 'हे पत्र कुठे जावं असं तुम्हाला वाटतं? काय वाढवू, काय कमी करू? मोकळेपणाने सांगा.'

लोकांनी मोकळेपणाने सांगितलं. 'सर वाढवा, खुर्च्या पुरे.' 'सरांचा फोटो टाका.' 'चित्रांमुळे पत्र उघडायला वेळ लागतो, काढून टाकली तर बरं.' 'आमचेही हे अस्सेच आहेत, सरांना नमस्कार.' एकाने लिहिलं, 'कवळी रात्री कोमट पाण्यात ठेवावी की गार, यावर मार्गदर्शन करावं.' त्या सगळ्या गर्दीत एक उत्तर मालट्रक चालवणाऱ्याचं होतं. 'न्हाव्याच्या खुर्चीचं चित्र मी गाडीत लावलंय. हल्ली तुम्ही खुर्ची काढता, पण तिच्याकडे बघत नाही असं वाटतं. चुकलं असल्यास राग नसावा.'

राग आलाच. याला काय कळतंय, असं म्हणून तिने ते बंद केलं, आणि कार्यशाळेत दिवसभर तेच डोक्यात घोळवत बसली. त्या नादात एका कवळीतले शेजारशेजारचे दोन दात दोन रंगांचे गेले. डॉक्टरांचा फोन आला, "बाई, तोंडात दात बसवायचेत की बुद्धिबळाचा पट?"

घरी आल्यावर तिने नणंदेला फोन लावला.

"अगं, एवढा विचार कसला करतेस?" नणंद म्हणाली. "लोक तोंडाने मागतायत ते देऊन टाक. दैव देतं आणि कर्म नेतं, तसं नको करूस."

"ताई, तुमच्या भावाला वर्गात पोरं हसतात."

"तो लहानपणापासून स्वतःचं हसं करून घेतोय. त्याला काय त्याचं!"

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"तू विचारलंस?"

 मग दूध उतू चाललंय असं सांगून नणंदेने फोन ठेवला.

सर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ती जाऊन त्यांना चिमटे देत उभी राहिली.

"अहो, तुमच्यावर लिहिताना मी तुम्हाला कधी विचारलंच नाही."

"पहिलं आवडलं होतं मला. शिक्षकांच्या खोलीत मीच वाचून दाखवलं."

"आणि पुढची?"

"पुढची नाही दाखवली." त्यांनी शर्ट झटकला. "मुख्याध्यापकपदाच्या मुलाखतीला मी दारापर्यंत जाऊन परत आलो, ते लिहिलंस ना, तेव्हा मीही हसलो. चांगलंच जमलं होतं. पण ते मी फक्त तुला सांगितलं होतं गं."

तिच्या हातातले चिमटे तसेच राहिले.  मग सरच म्हणाले, "दे चिमटा इकडे, पडेल हा शर्ट."

पुढच्या शनिवारच्या पत्रात तिने लिहिलं, 'सर आता या पत्रात येणार नाहीत. त्यांना न विचारता आणलं होतं. आता विचारलं.' आणि खाली शाळेतला बाक काढला, रिकामा.

वाचकांना गळती लागली. 'म्हणजे आता नुसतं लाकूड बघायचं का?' असं विचारून एक बाई निघून गेल्या. बाकीचे न विचारताच गेले. आपण बरोबर केलं, असं ती स्वतःला बजावायची आणि तरीही दर थोड्या वेळाने किती उरले ते बघायची. सरही एकदा म्हणाले, "आता कुणी काही विचारत नाही मला. जरा चुकल्यासारखं होतं." मग घाईने म्हणाले, "तरी नकोच!"

मधेच एकदा तिने ट्रकवाल्याचं पत्र उघडून त्याला उत्तर लिहिलं, 'तुमची सीट कशी आहे, सांगाल?' त्याने भरभरून लिहिलं. त्यावरून तिने चित्र काढून पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'छान आहे, पण ही माझी नाही. माझी उजवीकडे खचली आहे, कारण मी कायम त्या अंगावर रेलून बसतो. पाठीशी उशी नाही, जुनी चादर आहे.' तिने दुसरं काढलं. पत्रात चुकलेलं आणि सुधारलेलं अशी दोन्ही चित्रं शेजारी छापली आणि मधे त्याचेच शब्द, त्याला विचारून.

मग इतरांनीही आपापल्या खुर्च्या लिहून पाठवल्या. फार नाहीत. ती काढायची, ते चुका दाखवायचे. आपलं पत्र आता नक्की आपलं राहिलं का, हे तिला समजत नव्हतं. काही शनिवारी ते तिला फार आवडायचं, काही शनिवारी वाटायचं, आपण नुसते सांगकामे झालो.

अशातच कापडदुकानातल्या एका विक्रेतीने लिहिलं, 'आम्हाला दुकानात बसायला परवानगी नाही. मला खुर्चीच नाही. तुमच्या पत्रात मी बसत नाही का?'

माणसाचं चित्र तिने कधी काढलं नव्हतं. दोन दिवस टाळाटाळ केली, मग सुट्टी काढून दुकानात गेली. काढू का, असं आधी विचारलं. बाई गिऱ्हाइकांसमोर कापडाचं थान उलगडत उभ्या, एकदा या पायावर भार, एकदा त्या. काढलेली रेघ पुसेपर्यंत पाय बदललेला असायचा. कागद काळा पडत चालला.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. तुम्हाला घाई आहे का?"

"काढा सावकाश," बाई थानाची घडी घालत म्हणाल्या. "मी कुठे बसतेय!"

त्या शनिवारी पत्र गेलं नाही.