मयालीचं दुसरं टोक

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. वर्गात कुणी 'बाई, चिंचेवर हडळ आहे' म्हणालं की मी त्याला चिंचा पाडायलाच पाठवायची! या सदरातले अनुभव वाचताना मी नातवंडांपुढे यथेच्छ टिंगल करते. परवा थोरली नात म्हणाली, "आजी, मग तुमच्या मामाचं काय?" म्हणून हे लिहितेय.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. आमचं गाव आंबेझरी. मूलहून सिंदेवाहीकडे जाताना डाव्या हाताला बैलगाडीची वाट आत जंगलात शिरायची, तिच्या टोकाला. धानाची बांधी म्हणजे भाताची खाचरं, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, चाळीसेक घरं आणि चहूकडे सागवान-बांबू. मी नऊ वर्षांची, नामदेव माझ्याहून लहान आणि सखू अजून मायच्या कडेवर.

बाबा तापानं गेले. त्यानंतर आम्ही मोठेबाबांच्या घरात राहत होतो. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. माणूस कष्टाळू होता, पण घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी शब्द काढायचं नाही. माय पहाटेपासून त्यांच्या घरचं दळण, शेण, धानाची रोवणी सगळं करायची आणि जेवायला सगळ्यांत शेवटी बसायची. एवढ्यावर भागलं असतं तर तिनं काढलंही असतं. पण एके दिवशी मोठेबाबांनी ठरवलं, की नामदेवला त्यांच्या मुलीच्या सासरी गुरं राखायला पाठवायचं, माझं लग्न उरकून टाकायचं आणि मायनं सखूला घेऊन हवं तर माहेरी जावं. "पोरं आमच्या घरची हायत," एवढंच म्हणाले.

मायनं त्या दिवशी भाकरी थापता थापता मला विचारलं, "कुसुम, आपण आपलं घर बांधू का वो?" जसं काही भाजी कोणती करू असं विचारतेय! मी हो म्हटलं. नऊ वर्षांच्या पोरीला विचारून घर बांधायला निघालेली ही बाई.

ती पंचांकडे गेली. गावठाणाच्या कडेला मोहाच्या झाडाजवळ जागा पडीक होती, ती द्यायला पंच तयार झाले. पण मोठेबाबांनी आडकाठी घातली. हिच्यामागे माणूस कोण? उद्या पोरांचं काही बरंवाईट झालं तर जबाब कोण देणार? शेवटी म्हाताऱ्या पाटलांनी तोड काढली. आमच्याकडे मयाल, म्हणजे छपराचा पाठकणा असलेलं मधलं मोठं लाकूड, चढवताना एका टोकाला घरधन्याचा खांदा लागतो. घरधनी नसेल तर बाईच्या भावाचा. खांदा लावला म्हणजे त्या घरामागे तो माणूस उभा राहिला असं मानायचं.

"मिरगाच्या आंधी तुह्या भावाच्या खांद्यानं मयाल चढू दे, बाई. मंग पोरं तुहीच. नाई चढली तं मोठ्याकडं जातीन," पाटील म्हणाले.

आणि माय कामाला लागली... काय सांगू! त्या उन्हाळ्यात मी जे पाहिलं ते मला आजही खरं वाटत नाही. दिवसभर दुसऱ्यांची मजुरी, आणि त्याच्या आधी आणि नंतर आमचं घर. खांबांसाठी खड्डे तिनं स्वतः सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, खणले. निस्तारातले, म्हणजे गावाला जंगलातून हक्कानं मिळणारे, बांबू डोक्यावर वाहून आणले, बुरडांच्या बायकांजवळ बसून चिरायला शिकली आणि कुडाच्या भिंती स्वतः विणल्या. माती आणि शेणाचा गारा आम्ही तिघं तुडवायचो. सखू त्यात बसकण मारायची आणि माय तिला गाऱ्यासकट उचलून हसायची. तिच्या तळहातांना इतक्या चिरा पडल्या होत्या, की वेणी घालताना माझे केस त्यात अडकायचे. मी ओरडले की म्हणायची, "थांब थोडी, घर झालं का हात नरम होतेत." ते काही झाले नाहीत. पण मला त्या हातांचा जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या डिग्रीचाही नाही.

भिंती झाल्या, खांब उभे राहिले. मयालीसाठी येनाचं, म्हणजे ऐनाचं, लाकूड आणून ठेवलं. येन म्हणजे दगडच, एक टोक चांगलं जाडजूड. आता फक्त गोविंदामामा यायचा होता. मामा वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शीकडच्या गावी. बाजारकऱ्यांच्या तोंडी दोनदा निरोप धाडला, दिवस कळवला.

तो दिवस उजाडला. पंच मोहाच्या सावलीत येऊन बसले. मोठेबाबाही आले, वेगळे बसले. सकाळ गेली, मामा नाही. ऊन डोक्यावर आलं, मामा नाही. गावातली गडीमाणसं लाकडापाशी उभी होती, पण हात कोण लावणार? भावाशिवाय लावायचा नाही आणि मोठेबाबा तर बघत बसलेले. माय उन्हात उभी. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर मामा येणार त्या नाल्याच्या वाटेकडे. मी तिचा हात धरला होता.

दुपार कलली तसे मोठेबाबा उठले. "चाल गा नामदेव, घरी चाल," म्हणाले. तेवढ्यात नाल्याकडून एक माणूस वर आला. उंच, जरा पुढे वाकून चालणारा, डोक्याला दुपट्टा.

"आला! माहा भाऊ आला!" माय एवढ्या जोरात ओरडली की सखू रडायला लागली.

मामाच होता. मोठेबाबा त्याच्या पुढ्यात उभे होते, हातभर अंतरावर. त्यांनीच "या पाहुणे, लय उशीर केला" म्हटलं. पाटलांनी रामराम घातला. मामानं नुसती मान हलवली. माय पाण्याचा लोटा घेऊन धावली तर म्हणाला, "पानी नोको अन्से. आंधी मयाल." मायचं नाव अनसूया. अन्सी तिला फक्त माहेरी म्हणायचे, आमच्या गावात कुणाला ते ठाऊकही नव्हतं.

भाऊ आला म्हटल्यावर गडी मोकळे झाले. चौघांनी बारीक टोक धरलं. जाड टोकाला मामा एकटा. कुणीतरी मदतीला पुढे झालं तर त्यानं हातानंच नको म्हटलं, खांदा लावला आणि उठला. येनाचं लाकूड, जाड टोक आणि एक माणूस! हे गणित मी पुढे कितीदा मांडून पाहिलं. शिडीनं वर चढला, खोबणीत लाकूड बसवलं, माहुलीच्या वेलाच्या दोरानं बांधलं. खाली उतरून माझ्या आणि नामदेवच्या डोक्यावरून हात फिरवला. वैशाखाचं ऊन, सगळे गडी घामानं निथळत होते. मामाचा सदरा कोरडा होता. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, मामाच्या ताकदीचं कौतुक वाटलं.

"नदी उतराची हाय," म्हणाला आणि आला तसा गेला. न जेवता. बायका कुजबुजल्या, की कसा भाऊ म्हणावा, मयाल चढवली आणि बहिणीला लुगडं नाही. माय त्यांच्यावर खेकसली, "त्याचा खांदा आला ना? मंग!"

मिरगाच्या आधी छप्पर झालं आणि आम्ही आमच्या घरात राहायला गेलो.

दिवाळीच्या सुमारास मामा आला. वाळून काटकी झालेला, हातात काठी, बगलेत हिरवं लुगडं. दारातच मायच्या पाया पडायला लागला. धाकटा नाही हो, मोठा भाऊ तो! "अन्से, माफ कर मले. तुह्या कामाले आलो नाई."

माय हसली. "काऊन, वेडा झाला का? आला नवता तं हे काय हाय?" आणि वर बोट दाखवलं.

मामानं वर पाहिलं. मग विचारलं, "कोनं चढवली?"

"तूच चढवली ना, मामा!" नामदेव म्हणाला.

मामा खाली बसला. अक्षय्य तृतीयेपासून तो तापानं अंथरुणाला खिळला होता. उठून परसात जायचीही ताकद नव्हती. आमच्या घराचा दिवस त्याला आठवत होता, कारण जाता येत नाही म्हणून तो त्या दिवशी रडला होता. मामी आणि तिचे दोन भाऊ खाटेपाशी होते. हे मी पुढे मोठी झाल्यावर तिघांनाही वेगवेगळं विचारलं आहे. तिघांनीही तेच सांगितलं.

मायचा चेहरा पांढरा पडला. तिनं पटकन दार लोटलं. पण शेजारची बाई पाहुणा बघायला अंगणात आलीच होती, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबा पंचांना घेऊन आमच्या दारात! मामाला विचारलं. मामाच्या गळ्यात तुळशीची माळ होती, तो माणूस खोटं बोलणं शक्यच नव्हतं. माय त्याच्याकडे अशी पाहत होती... मला ती नजर सांगता येणार नाही.

"म्या आलो नवतो," मामा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आयकलं?" मोठेबाबा म्हणाले. "भावाचा खांदा लागलाच नाई. शर्त मोडली. पोरं माही." आणि त्यांनी नामदेवचा हात धरला. नामदेव खांबाला बिलगला आणि जिवाच्या आकांतानं ओरडायला लागला.

माय भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, आजवर कधी बोलली नव्हती. तशी रीतच नव्हती. तिनं पदर पुढे ओढला, मोठेबाबांकडे पाठ केली आणि पंचांना म्हणाली, "पाटीलभाऊ, खांदा लागला नाई म्हंता ना? बराबर. मंग मयाल खाली उतरवा. माहा भाऊ इथीच हाय, तो आता खांदा लावन, पुन्ना चढवू. पन कोनं चढवली ते तुमाले ठावं नाई, मले ठावं नाई. ज्याची छाती व्हते, त्यानं वर जावं आन् दोर सोडावा."

शिडी भिंतीलाच टेकलेली होती. तिनं ती स्वतः उचलून मधोमध आणून ठेवली.

सगळ्यांनी वर पाहिलं. ज्या चौघांनी बारीक टोक धरलं होतं त्यातले दोघं तिथेच होते, ते दोन पावलं मागे सरकले. पाटील शिडीकडे बघेनात. माय म्हणाली, "भासऱ्यांनी त्याले हातभर जवळून पाह्यलं व्हतं. त्यायलेच चढू द्या."

मोठेबाबांनी वर पाहिलं. मग नामदेवचा हात सोडला, जोडे घातले आणि निघून गेले. त्यानंतर त्यांनी आम्हा पोरांवर हक्क सांगितला नाही. मामा मात्र जायच्या आधी शिडीवर चढला. पाय लटपटत होते, नामदेवनं आणि मी शिडी धरली. त्यानं मयालीला खालून खांदा टेकवला आणि म्हणाला, "आता तरी माहाच."

आम्ही तिघंही त्या घरात वाढलो, शिकलो. कोण होता तो? गावातलाच कुणी वेष घेऊन आला म्हणावं, तर 'अन्से' त्याला कसं कळलं, आणि मोठेबाबांसारख्या माणसानं त्याला भर उन्हात ओळखलं कसं? सगळ्या गावाला एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर भासानं येनाचं लाकूड चढत नाही. मामा म्हातारा होऊन गेला, शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी आलो नव्हतो. मी उत्तर शोधायचं सोडलंय. गणिताच्या बाईनं असं म्हणणं लाजिरवाणं आहे, पण आहे ते असं आहे.

माय वयानं थकली होती तेव्हा एकदा मी तिला विचारलं, "माय, मामानं सांगितलं तेव्हा तुला भीती नाही वाटली? कोण येऊन गेलं आपल्या घरात, त्याच घरात आपण झोपतो..."

माय म्हणाली, "वाटली ना वो. लय वाटली. रातभर डोळ्याले डोळा लागला नाई." मग माझा हात तिच्या त्या खडबडीत हातात घेतला. "पन तुमाले कोनी घेऊन जाईन, त्याची जास्त वाटे."