काठीवाल्या मामांचा ठिपका

उपग्रह सगळं बघतो, असं आमचे साहेब म्हणतात. बघतो डोंबल. दर बारा दिवसांनी तो नदीकाठच्या पाणथळीवरून जातो. त्याच्या रडारला उघडं पाणी काळं दिसतं आणि पाण्यात बुडालेलं उंच गवत पांढरं. ते खरं की खोटं, हे पडताळायला काठीवाले मामा त्याच वेळी पत्र्याची होडी घेऊन पाण्यात जातात, काठीने खोली मोजतात आणि वहीत लिहितात. अठरा वर्षं हेच चाललंय. गुडघे पार कामातून गेलेत.

परवा वही द्यायला आले आणि दम खात माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभे राहिले. मी उपग्रहाकडून आलेला पाणथळीचा नकाशा साफ करत होते. काळ्या पाण्यात एक पांढरा ठिपका होता, तो नेहमीसारखा पुसला.

"काय पुसलंस गं?"

"कचरा, मामा. दर वेळी येतो मेला, जागा बदलून."

मामा पडद्याकडे बघत राहिले. "यात पत्रा चमकतो का?"

"चमकतो की," मी म्हणाले, आणि माझा हात माऊसवरच थांबला.

"पुस, पुस," मामा गुडघा चोळत म्हणाले. "बारा दिवसांनी मी परत येतोच."