अहमदपुरात ब्राउझर फास्ट करण्याची रीत

अहमदपूरच्या एसटी स्टँडसमोर ते ऑनलाइन सेवा केंद्र होते. चार संगणक, एक प्रिंटर, आणि सगळे फॉर्म भरून मिळतील असे सांगणारी पाटी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी दिलेला कॉलेजांचा पसंतीक्रम भाचीला त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत साइटवर कायम करायचा होता. झाला नाही तर ती या फेरीतून बाद. नांदेडचे कॉलेज तिने सर्वांत वर ठेवले होते. काम मोबाइलवरही होण्यासारखे होते. पण मोबाइलवर केलेले सरकार धरत नाही, केंद्राचा शिक्का लागतो, असे माझ्या बहिणीचे ठाम मत. मी लातूरला वर्तमानपत्रात असतो, म्हणजे कुठेतरी वशिला असणार, या समजुतीने तिने मलाही सोबत घेतले.

दुपार उलटली तरी साइट उघडत नव्हती. पडद्यावर चक्र फिरत होते. केंद्रचालक मात्र प्रसन्न होता. त्याने सकाळीच एका व्हिडिओवरून ब्राउझरची सेटिंग बदलली होती.

"ताई, ब्राउझर एका साइटला एका टायमाला मागणी घेऊन सहाच माणसं पाठवून राहिला होता," तो बहिणीला म्हणाला. "मी साठ केले."

पेन्शनच्या कामासाठी आलेल्या निवृत्त गुरुजींना हे लगेच पटले. "म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यागत."

"हाव गुरुजी! सहा रुमाल टाकले तर सहा जागा. साठ टाकले की अख्खी गाडी आपली."

"आन् बाकीचे तीन कॉम्प्युटर?" भाचीने विचारले.

"त्यान्ला बी साठ-साठ करून दिले. आपल्यात भेदभाव न्हाई."

सेटिंगच्या पानावर ब्राउझरने धोक्याची सूचना दिली होती, हेही त्याने सांगितले. ती भीती घालायलाच असते, असा त्याचा खुलासा. मग त्याने चारही खुर्च्यांवरच्यांना हुकूम सोडला, "रिफ्रेश दाबा. हात थांबू देऊ नका." सगळ्यांनी दाबले. गाडी फलाटाला लागताना होते तशी धांदल बसल्या जागी सुरू झाली.

आणि चारही पडद्यांवर एकदम पान आले. चक्र नाही, वाट पाहणे नाही.

"आलं! कसं भुर्रकन आलं बघा!" केंद्रचालक ओरडला. मागच्या बाकावर नंबर लावून बसलेल्यांपैकी कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

पान पांढरे होते. त्यावर इंग्रजीत दोनच ओळी होत्या. गुरुजींनी चष्मा लावून अर्थ सांगितला, "या कनेक्शनवरून फार मागण्या येत आहेत. प्रवेश बंद केला आहे."

"पण फास्ट आलं का न्हाई?"

ते कुणालाच नाकारता आले नाही. त्या दिवशी केंद्रात इतक्या वेगाने उघडलेले पान तेच होते. केंद्रचालकाने साठाचे एकशेवीस केले. नकारही तितक्याच तत्परतेने आला.

"सर्व्हर डाऊन हाय," केंद्रचालकाने जाहीर केले. "अख्ख्या महाराष्ट्रात."

तेवढ्यात लातूरहून भाचीच्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा पसंतीक्रम आत्ताच कायम झाला होता. लातूर महाराष्ट्रात आहे, हे भाचीने एकदा मोठ्याने म्हटले. मग तिने आपल्या मोबाइलवर केंद्राचे वायफाय बंद केले, मोबाइलचे स्वतःचे नेट सुरू केले आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"अगं, तिथं शिक्का कोण मारणार?" बहीण मागे धावली. "दादा, तू तरी सांग तिला!"

मी काही सांगण्याआधी साइट उघडली होती. संथपणे, पण उघडली. मोबाइलवर ओटीपी आला, तो तिने भरला आणि पसंतीक्रम कायम झाल्याचा हिरवा संदेश दिसला. नांदेड सर्वांत वर होते. पाच वाजायला अजून अवकाश होता.

बहिणीने तो मोबाइल आत नेऊन केंद्रचालकाला दाखवला. अधिकृत माणसाने बघितल्याशिवाय तिचे समाधान होणार नव्हते. त्याने संदेश नीट वाचला.

"झालं की! बघा, सकाळपासून आमचं वायफाय धरून व्हता म्हणून मोबाइलला सेटिंग लागली. ताई, आता ह्याचे बी साठ करून देतो, आणा इकडं."

भाचीने आईच्या हातातून मोबाइल काढून घेतला. "मामा, चला. हे साठ करायच्या आत."

बाकावरची माणसे उठली होती. त्यांचे पसंतीक्रम अजून कायम व्हायचे होते. आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा ती आपापले मोबाइल पुढे धरून केंद्रचालकाभोवती उभी होती, आणि गुरुजी त्यांना रांगेत यायला सांगत होते.